पाण्याची बाटली, दीडशे फूट आणि चर्चमधले राजकारण

अटलांटाचा नगरकर (धागाकर्ता)

अमेरिकन काँग्रेसच्या निवडणुका येत्या ३ नोव्हेंबरला आहेत आणि आमच्या चर्चच्या कमिटीपुढे दोन वर्षांपूर्वीचा विषय पुन्हा आला आहे : मतदानाच्या रांगेत ताटकळणाऱ्या लोकांना पाणी द्यायचे की नाही. यात बैठक बोलावण्यासारखे काय आहे, असे महाराष्ट्रातल्या वाचकांना वाटेल. आपल्याकडे चैत्र लागला की नाक्यानाक्यावर पाणपोया उभ्या राहतात आणि पाणी पिणाऱ्याला त्याचा पक्ष कोणी विचारत नाही. (पाणपोईवर नगरसेवकाचा फोटो असतो, ही गोष्ट वेगळी.)

मी मूळचा अहमदनगरचा. आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जिभेला अजून सवय व्हायची आहे. आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत आले. मी स्वतः सतरा वर्षांपासून अटलांटाच्या एका उपनगरात राहतो. ज्या चर्चमध्ये उपासनेला जातो तिथे साधारण निम्मे लोक गोरे आहेत, बरेचसे कृष्णवर्णीय आहेत आणि उरलेले आमच्यासारखे कुठून कुठून आलेले आहेत. रविवारी सगळे एकाच बाकावर बसतात, एकाच मेजावरून प्रभुभोजन घेतात आणि निवडणुकीच्या मंगळवारी वेगवेगळ्या नावांपुढे खूण करतात.

ऑक्टोबर २०२४ मधली ती बैठक मला लख्ख आठवते. तळघरातल्या लांब टेबलाखाली बाटल्यांची चाळीस खोकी रचून ठेवली होती. खजिनदारांनी जॉर्जियाच्या निवडणूक कायद्याची छापील प्रत आणली होती आणि एका कलमावर पिवळी खूण केली होती. मार्च २०२१ मध्ये गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी सही केलेला हा कायदा ९८ पानांचा आहे. मतदान केंद्राच्या इमारतीपासून १५० फुटांच्या आत, किंवा रांगेतल्या कोणत्याही मतदारापासून २५ फुटांच्या आत, खाण्यापिण्याची वस्तू देणे त्याने गुन्हा ठरवले. निवडणूक कर्मचाऱ्यांनी एका जागी ठेवलेले पाणी मतदाराने स्वतः जाऊन घ्यायला मात्र हरकत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी १५० फुटांपलीकडच्या बंदीची अंमलबजावणी तात्पुरती रोखली, पण आतली बंदी कायम राहिली. कायद्याच्या बाजूने जे सांगतात तेही नोंदवतो : खाऊपिऊच्या निमित्ताने रांगेत प्रचार होऊ नये आणि मतदाराला कोणी मिंधे करू नये. मतदानाच्या आदल्या रात्री वस्तीत फिरणारी पाकिटे ज्याने पाहिली आहेत, त्याला हा युक्तिवाद अगदीच पोकळ वाटणार नाही. मलाही वाटला नाही.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला एका बाईंनी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २५ वा अध्याय उघडून ठेवला होता. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि बंदिवान यांच्या रूपाने मीच तुमच्यापुढे आलो होतो, तेव्हा तुम्ही काय केले, असा जाब न्यायाच्या दिवशी विचारला जाईल, असे प्रभू तिथे सांगतो. बाईंनी एवढेच विचारले, "यात किती फुटांचे अंतर लिहिले आहे ?" कोणी हसले नाही.

विरोध केला तो एका वयोवृद्ध सभासदांनी. हा माणूस दर गुरुवारी पहाटे चारला उठून बेघरांसाठी मोठे पातेलेभर सूप रांधतो, त्यामुळे त्यांचे बोलणे मी हलक्यात घेत नाही. ते म्हणाले, "भुकेल्याला खाऊ घालणे ही सेवा आहे. मतदाराला घालणे हे राजकारण आहे, आणि चर्चमध्ये राजकारण नको." निर्णय झालाच नाही. ती चाळीस खोकी पुढच्या गुरुवारी सूपच्या शेजारी मांडली गेली आणि बेघरांनी ते पाणी प्यायले.

तेव्हापासून "चर्चमध्ये राजकारण नको" या वाक्याने माझी पाठ सोडलेली नाही. गुरुवारच्या रांगेत दिलेले पाणी सेवा ठरते आणि मंगळवारच्या रांगेत दिलेले राजकारण ठरते, याचे कारण दुसरी रांग कोणाची, किती लांब आणि का, हे प्रश्न तिच्याबरोबर येतात. जून २०२० च्या प्राथमिक निवडणुकीत अटलांटा परिसरातल्या काही केंद्रांवर लोक तासन्‌तास उभे होते. रविवारची उपासना संपली की गाड्या आणि बसेस भरून मतदानाला जाण्याची कृष्णवर्णीय चर्चची प्रथा जुनी आहे. २०२१ चा कायदा घडत असताना आधीच्या मसुद्यात नेमके रविवारचे मतदान आवळण्याचा प्रस्ताव होता. गदारोळानंतर तो मागे घेण्यात आला. तहानेच्या मागचा इतिहास दिसू लागला की माणसे बाटली खाली ठेवतात, असे मला वाटू लागले आहे.

हे वाक्य याआधी कोणी कोणाला ऐकवले, ते पाहा. एप्रिल १९६३ मध्ये, गुड फ्रायडेच्या दिवशी, वंशभेदाविरुद्धच्या निदर्शनांत मार्टिन ल्यूथर किंग यांना अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये अटक झाली. शहरातल्या आठ गोऱ्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी वर्तमानपत्रात निवेदन छापले की ही निदर्शने अविचारी आणि अवेळी आहेत. किंग यांनी त्याच वर्तमानपत्राच्या समासात उत्तर लिहायला सुरुवात केली. त्यांची खरी व्यथा उघड शत्रूंपेक्षा, न्याय मान्य असूनही 'आत्ता नको' म्हणणाऱ्या सौम्य गोऱ्या ख्रिस्ती लोकांबद्दल होती. पुढे मार्च १९६५ मध्ये, कृष्णवर्णीयांच्या मताधिकारासाठीचा सेल्माचा मोर्चा गाजत असताना, व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचे पाळक जेरी फॉलवेल यांनी प्रवचन दिले की पाळकाचे काम आत्मे जिंकण्याचे आहे, मोर्चे काढण्याचे नव्हे. चौदाच वर्षांनी, १९७९ मध्ये, याच फॉलवेल यांनी 'मॉरल मेजॉरिटी' ही पुराणमतवादी ख्रिस्ती संघटना स्थापन केली आणि चर्चमधून मतदार नोंदणीचा धडाका लावला. १९८० च्या अध्यक्षीय निवडणुकीत रेगन यांना तिचे भरघोस पाठबळ मिळाले. ज्यांना पाडले ते जिमी कार्टर जॉर्जियातल्या प्लेन्स गावचे, आयुष्यभर रविवारच्या शाळेत पवित्र शास्त्र शिकवणारे बॅप्टिस्ट होते. फॉलवेल यांनी १९६५ चे ते प्रवचन नंतर स्वतःच चूक म्हणून मागे घेतले, हा त्यांचा प्रामाणिकपणाही मान्य केला पाहिजे.

म्हणजे सेवा आणि राजकारण यांच्यातली रेघ पवित्र शास्त्रात आखून दिलेली नाही. ती माणसे आखतात आणि सोयीप्रमाणे पुसतात. आमच्यापासून अर्ध्या तासावर एबनेझर बॅप्टिस्ट चर्च आहे. किंग यांच्या या चर्चचे आजचे वरिष्ठ पाळक राफाएल वॉर्नॉक २०२१ पासून अमेरिकेचे सिनेटर आहेत आणि मत देणे ही एक प्रकारची प्रार्थनाच आहे, असे ते नेहमी सांगतात. तिथल्या बाकावर बसून "राजकारण नको" म्हणणे अवघड आहे.

कोणाला मत द्यावे हा या धाग्याचा विषय नाही. ही रेघ कोण, कुठे आणि कशासाठी आखतो, यावर बोलावे, ही विनंती.

शंकेखोर पुणेकर

लेख आवडला. मी ख्रिस्ती नाही, तेव्हा बाहेरच्या माणसाची शंका म्हणून विचारतो. २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही निवडणुकांत गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबलवादी प्रोटेस्टंट) मतदारांपैकी सुमारे पाचांतल्या चारांनी ट्रम्प यांना मत दिले, आणि कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांपैकी त्याहूनही मोठ्या प्रमाणात लोकांनी विरुद्ध बाजूला. पुस्तक एक, देव एक, बाप्तिस्मा एक, मग मतपेटीशी आल्यावर एवढी फारकत कशी ? आमच्याकडे एकाच विठ्ठलाचे वारकरी वेगवेगळ्या पक्षांना मते देतात, पण फड पाहून कोणी मतांचा अंदाज सांगू शकत नाही.

दुसरे म्हणजे, महाराष्ट्राचा धागा तुमच्या हातून सुटला, याचे आश्चर्य वाटले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, आणि त्यांचा कित्ता माझे देशबांधव गिरवतील अशी आशा व्यक्त केली. ती मुक्ती घडवणाऱ्यांत कट्टर चर्चवाले किती होते, हे तुम्ही सांगायला हवे होते.

वसईची लेक

नगरकरदादा, तुमचे लेखन मनापासून पटले तरी एक शब्द त्यात कुठेच नाही, आणि तो मुद्दाम टाळला असावा असे वाटते. तो शब्द गर्भपात. मी न्यू जर्सीत राहते आणि कॅथलिक आहे. आमच्या चर्चमध्ये निवडणुकीच्या महिन्यात मिस्सा संपल्यावर पार्किंगमध्ये गाड्यांच्या काचांवर पत्रके खोचलेली असतात आणि त्यांवर हाच विषय सर्वांत वर असतो. जी बाई गर्भातल्या जिवाला सर्वांत दुबळा जीव मानते, तिच्या दृष्टीने हाच सामाजिक न्यायाचा पहिला प्रश्न आहे. तिला 'न्यायाची चाड नसलेली' म्हणून बाजूला काढणे अन्यायाचे होईल.

माझी अडचण वेगळी आहे. शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी १९८३ मध्ये मांडले की जीवनाचा आदर हे शिवण नसलेले एकसंध वस्त्र आहे : गर्भपात, फाशी, अण्वस्त्रे आणि गरिबी यांची वेगवेगळी ठिगळे करता येत नाहीत. हे मान्य केले की अमेरिकेतला कोणताच पक्ष अंगाला बसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये पोप लिओ यांनीही तेच सांगितले. गर्भपाताला विरोध करून फाशीचे समर्थन करणारा, किंवा स्थलांतरितांना दिली जाणारी अमानुष वागणूक मान्य असणारा, खरोखर जीवनाच्या बाजूचा म्हणायचा का, असा त्यांचा प्रश्न होता. पोप स्वतः शिकागोचे, त्यामुळे इथल्या लोकांना तो घरच्या माणसाने दिलेल्या चिमट्यासारखा लागला. दोन्ही बाजूंना लागला, हे मला विशेष वाटले.

जालन्याचा, सध्या डॅलस

मी बहुधा या धाग्यावरचा एकटाच 'त्या पाचांतला चौथा' आहे, म्हणून सविस्तर लिहितो. राग धरू नये.

शंकेखोरांनी विचारले की फारकत का. माझे उत्तर असे की आम्ही पाप माणसाच्या हृदयात शोधतो आणि दुसरी बाजू ते आधी व्यवस्थेत शोधते. हृदय पालटल्याखेरीज कायद्याने माणूस सुधारत नाही, अशी आमची श्रद्धा आहे. आमच्या चर्चमधल्या अकरा कुटुंबांनी अनाथ मुले घरी आणली आहेत. माझी पत्नी चार महिने अंथरुणाला खिळली होती तेव्हा एकही संध्याकाळ अशी गेली नाही की दारात कोणी डबा ठेवला नाही. ही माणसे सरकारी योजनेच्या विरोधात मत देतात म्हणून त्यांना गरिबांची कणव नाही, असे म्हणणाऱ्याने एकदा आमच्याकडे येऊन राहावे.

दुसरा मुद्दा 'राजकारण नको' याचा. १९५४ च्या जॉन्सन दुरुस्तीनुसार करमाफी घेणाऱ्या चर्चने उमेदवाराचा प्रचार करायचा नसतो. ऑक्टोबरमध्ये डेमोक्रॅटिक उमेदवार कृष्णवर्णीय चर्चच्या व्यासपीठावर उभा राहून बोलतो तेव्हा ती 'परंपरा' असते आणि आमच्या पाळकाने एक शब्द काढला की 'ख्रिस्ती राष्ट्रवाद' होतो. नियम तरी कोणाला लागला ? १९९२ मध्ये क्लिंटन यांच्याविरुद्ध वर्तमानपत्रात जाहिरात दिली म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनच्या एका चर्चची करमाफी गेली. उलट बाजूने, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाच्या एका उदारमतवादी चर्चची २००४ मधल्या युद्धविरोधी प्रवचनावरून चौकशी झाली आणि शेवटी काही न होता मिटली. जुलै २०२५ मध्ये करखात्याने टेक्सासच्या न्यायालयात म्हटले की उपासनेत आपल्याच सभासदांशी बोलणे हा प्रचारातला हस्तक्षेप धरू नये. माझ्या मते निदान ढोंग तरी संपेल.

अटलांटाचा नगरकर

सर्वांचे आभार. उलट्या क्रमाने उत्तर देतो.

जालनाकरदादा, डब्याची गोष्ट वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. हृदय आणि व्यवस्था ही फोड तुम्ही केलीत तितकी स्वच्छ मला करता आली नसती. व्यासपीठावरच्या उमेदवारांबद्दलचा तुमचा आक्षेपही मी मान्य करतो. आमच्या भागातल्या कृष्णवर्णीय चर्चमध्ये मी स्वतः ते पाहिले आहे आणि मला अवघडल्यासारखे झाले होते. फक्त एक फरक लक्षात घ्यावा. गुलामगिरीच्या आणि नंतरच्या विलगीकरणाच्या काळात कृष्णवर्णीयांच्या स्वतःच्या मालकीची, चार माणसे निर्धास्त जमू शकतील अशी जागा बहुतेक ठिकाणी चर्च हीच होती. शाळा, विमा, पंचायत, निषेधसभा असे सगळे तिथेच चाले. रिचर्ड ॲलन यांनी १८१६ मध्ये फिलाडेल्फियात आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च उभारले ते गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेतही मिळणाऱ्या अपमानाला कंटाळून. त्या संस्थेचा जन्मच राजकीय परिस्थितीतून झाला आहे, तिला 'राजकारण बाहेर ठेवा' म्हणताना बाहेर कुठे, हेही सांगावे लागते. जॉन्सन दुरुस्ती मात्र मला हवी आहे. ती संपली तर ढोंग संपेल की नाही ते पाहू, पण देणगीदारांचे पैसे दानपेटीतून प्रचारात जायला वाट नक्की मिळेल, आणि तो पैसा कोणत्याही बाजूचा असेल.

वसईच्या ताई, शब्द मी टाळला होता. पकडलेत. त्या विषयावर माझे स्वतःचे मत पक्के नाही आणि लिहायला धीर झाला नाही. पण इतिहास सांगतो. सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन या इथल्या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट संघटनेने १९७१ मध्ये, म्हणजे गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या 'रो विरुद्ध वेड' निकालाच्या दोन वर्षे आधी, ठराव केला होता की बलात्कार, गर्भातले गंभीर व्यंग किंवा आईच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताला कायद्याने मुभा असावी. इव्हँजेलिकल पुढाऱ्यांना आधी पेटवले ते दुसऱ्याच गोष्टीने, असे काही इतिहासकार सांगतात. वंशभेद पाळणाऱ्या खासगी ख्रिस्ती शाळांची करमाफी सरकार काढून घेऊ लागले. साउथ कॅरोलिनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाची १९७६ मध्ये गेली आणि १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निर्णय आठ विरुद्ध एक मतांनी उचलून धरला. गर्भपाताचा प्रश्न अग्रभागी आला तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस. म्हणून आजच्या बाईची कळकळ खोटी ठरत नाही. तिला हा इतिहास ठाऊकही नसेल, आणि श्रद्धा दरवेळी आपल्या उगमाएवढीच राहत नाही.

शंकेखोर, फुल्यांच्या अर्पणपत्रिकेची आठवण दिलीत, त्यावरून आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. नगरला शाळा काढणारे मिशनरी ज्या अमेरिकन बोर्डाने पाठवले, ते बोर्ड मायदेशी गुलामगिरीच्या प्रश्नावर फार जपून पावले टाकत असे, कारण देणगीदारांत गुलामांचे मालकही होते. याच वागण्याला विटून गुलामगिरीविरोधी ख्रिस्ती लोकांनी १८४६ मध्ये 'अमेरिकन मिशनरी असोसिएशन' ही वेगळी संस्था काढली. यादवी युद्ध संपल्यावर तिने मुक्त झालेल्यांसाठी शाळा आणि महाविद्यालये उभारली आणि अटलांटा युनिव्हर्सिटी त्यांपैकीच एक. ज्या बोर्डाच्या सिंथिया फॅरार नगरमध्ये मुलींना शिकवत होत्या, ज्यांच्याकडे सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले असे मानतात, ते बोर्ड घरच्या गुलामांविषयी तोंड उघडायला कचरत होते. माझी पणजी वाचायला शिकली ती त्या बोर्डाच्या पैशातून. त्यात एखादे नाणे कापसाच्या मळ्यातले असेल, हा विचार मला इथे राहायला आल्यावर सुचला, आणि रोज कामावर जाताना त्याच दुसऱ्या संस्थेने उभारलेल्या विद्यापीठावरून माझी गाडी जाते. सेवा इथे, राजकारण तिथे, अशी वाटणी माझ्या पणजीच्या पाटीवरही नीट होत नाही.

जुना वाचक

एक दुरुस्ती. बर्मिंगहॅमचे निवेदन काढणारे आठही जण ख्रिस्ती नव्हते. त्यांतले एक ज्यू रब्बाय होते. बाकी चालू द्या.

अटलांटाचा नगरकर

दुरुस्ती मान्य. 'आठ गोरे धर्मगुरू' असे वाचावे.

वसईची लेक

दादा, "मत पक्के नाही" हे कबूल केलेत, त्यानेच मला बरे वाटले. निवडणुकीच्या दिवसांत पक्के मत नसलेला माणूस शोधून सापडत नाही. कमिटीत पुढे काय झाले ते मात्र कळवा.

जालन्याचा, सध्या डॅलस

सत्तरच्या दशकातल्या शाळांबद्दल मला ठाऊक नव्हते. वाचतो आहे. कारणमीमांसा इतकी सरळ असेल असे वाटत नाही, पण १९७१ चा तो ठराव शोधून काढला आणि शब्द तुम्ही म्हणता तसेच आहेत. पाण्याबद्दल माझे मत विचाराल तर द्यावे. फक्त बाटलीवर चर्चचेही नाव नको आणि उमेदवाराचेही.

अटलांटाचा नगरकर

काल बैठक झाली. मतदान केंद्र आमच्या समोरच्या सार्वजनिक वाचनालयात असते. खजिनदार आणि मी फीत घेऊन मोजले, तेव्हा वाचनालयाच्या बाहेरच्या भिंतीपासून आमच्या आवारातल्या डॉगवुडच्या झाडापर्यंत १६३ फूट भरले. टेबल झाडाखाली लागेल. त्यावर फलक नाही, पत्रक नाही, जालनाकरांच्या सूचनेप्रमाणे नाव नाही. येईल त्याने उचलून न्यायचे. सात मते बाजूने, दोन तटस्थ, एक विरुद्ध. विरुद्ध मत गुरुवारी सूप करणाऱ्या आजोबांचे. आपले मत नावानिशी इतिवृत्तात लिहावे असे त्यांनी सांगितले आणि ते लिहिले गेले.

मत्तय उघडून ठेवणाऱ्या बाईंनी शेवटी विचारले की रांगेच्या पुढच्या टोकाला, १५० फुटांच्या आत, काठी टेकत उभ्या असलेल्या म्हातारीपर्यंत एक बाटली नेऊन दिली तर ? आमच्यातल्या वकिलांनी सांगितले, नाही. बाईंनी वहीत काहीतरी लिहून घेतले. काय लिहिले, ते मी विचारले नाही.